पानगळ पाहायला निघताना : कवठे महांकाळ ते कुळे



ऑक्टोबर महिना म्हणजे आपल्याकडे सबमिशनचा, ओरल्सचा आणि घामाचा महिना. पण याच महिन्यात अमेरिकेच्या ईशान्य भागात, कॅनडात आणि थोडे उशिरा जपानमध्ये लोक खास रजा काढून आगगाडीत बसतात. कशासाठी? तर झाडांची पाने पाहण्यासाठी! न्यू हॅम्पशायर राज्यातील कॉनवे सीनिक रेलरोड, कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील आगावा कॅन्यनची गाडी, जपानात क्योटोजवळची सागानो रेल्वे या गाड्या डोंगरातून सावकाश जातात. बाहेर मॅपलचे लाल, केशरी, पिवळे डोंगर आणि आत काय पाहायचे ते समजावून सांगणारा एक माणूस. आपल्यापैकी कुणाचा दादा किंवा मामेबहीण तिकडे नोकरीला असेल, तर असले फोटो मोबाइलवर येऊन पडतातच. आपण ते पाहतो आणि म्हणतो, "नशीबवान आहेत बुवा! आपल्याकडे काय, बाभळी आणि कुसळं."

हा लेख म्हणजे या वाक्याला दिलेले उत्तर आहे. पानगळ आपल्याकडेही आहे, डोंगर आहे आणि डोंगरातून जाणारी आगगाडीसुद्धा आहे. आपल्या स्टेशनवरून निघून फक्त मिरजेला गाडी बदलायची. कमी आहे ती एकाच गोष्टीची : काय पाहायचे हे सांगणाऱ्या माणसाची. म्हणून ही सहल आधी कागदावर करू या. पटली तर रेक्टर सरांकडे अर्ज घेऊन जाऊ.

१) पान रंगते म्हणजे नेमके काय होते?

पानाचा हिरवा रंग क्लोरोफिलचा, म्हणजे हरितद्रव्याचा. हे द्रव्य सतत मोडत असते आणि झाड ते सतत नव्याने बनवत असते. त्याच पानात कॅरोटिनॉइड नावाची पिवळी-केशरी द्रव्येही असतात, पण हिरव्याच्या गर्दीत ती दिसत नाहीत. थंड देशात दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गार पडू लागल्या, की झाड हरितद्रव्य बनवणे थांबवते. हिरवा ओसरतो आणि मुळात असलेला पिवळा दिसू लागतो. म्हणजे पिवळे पान पिवळे 'होत' नाही, ते पिवळे 'उरते'.

लाल रंगाची गोष्ट वेगळी आहे. तो अँथोसायनिनचा रंग. मॅपलसारखी झाडे तो पानगळीच्या तोंडावर मुद्दाम नव्याने तयार करतात. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा असेल तर हा रंग जास्त खुलतो. मरणाऱ्या पानावर झाड हा खर्च का करते, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. पानातला माल परत नेईपर्यंत उन्हापासून संरक्षण, असे एक उत्तर दिले जाते.

'माल परत नेणे' हे नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा लेख त्यावर उभा आहे. पान टाकण्याआधी झाड त्यातील नायट्रोजन, फॉस्फरस वगैरे काढून खोडात नेते. सुट्टी लागण्याआधी मेसवाले कोठीतला शिल्लक शिधा आवरून ठेवतात, तसेच. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो. तो सुटला की पान गळते आणि जखम आधीच बुजलेली असते. पान पडत नाही, झाड ते हिशेबाने सोडते.

प्रयोग करून पाहायचा असेल तर होस्टेलवर करता येईल. एक हिरवे पान बारीक चुरडून थोड्या ॲसिटोनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये भिजवा. गाळण कागदाची पट्टी त्यात उभी धरा. पट्टीवर रस वर चढतो आणि हिरव्याचा पट्टा व पिवळ्याचा पट्टा वेगळे होतात. (खोलीत त्या वेळी गॅस, मेणबत्ती, काडेपेटी काही नको. वॉचमन मामांना धावपळ करायला लावू नका!) हिरव्यात दडलेला पिवळा डोळ्यांनी दिसतो.

आणि लाल पान बघायला परदेश कशाला? आवारात देशी बदामाचे झाड असेल तर त्याच्याखाली उभे राहा. गळण्याआधी त्याची पाने लालभडक होतात. आपण रोज त्यांच्यावरून चालत लेक्चरला जातो.

२) सहलीचे पहिले स्टेशन : द्राक्षाची बाग

आता तुम्ही म्हणाल, थंडी नसेल तर आपल्याकडे पानगळ होते कशी? आपल्या तालुक्यात याचे उत्तर लहान पोरालाही माहीत आहे, फक्त ते त्याला 'पानगळीचा मोसम' म्हणत नाही. तो म्हणतो, "छाटणी आली."

द्राक्षवेल मूळची थंडी अनुभवणारी. युरोपात ती हिवाळ्याच्या तोंडावर आपणहून पाने टाकते आणि झोपी जाते. आपल्याकडे तिला झोपवायला थंडीच नाही. मोकळी सोडली तर ती हिरवीच राहील आणि हवे तेव्हा, हवे तेवढे फळ देणार नाही. म्हणून आपले बागायतदार वर्षातून दोन छाटण्या घेतात : उन्हाळ्यात एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना ऑक्टोबरची फळछाटणी, जिला गोडी छाटणी असेही म्हणतात. फळछाटणीच्या आधी पाने उतरवावी लागतात. कुणी ती हाताने काढतो, तर कुणी इथेफॉनची फवारणी करतो. काही दिवसांत बाग पिवळी पडते आणि पाने खाली येतात.

इथेफॉन म्हणजे काय? झाडात गेल्यावर ते इथिलीन नावाचा वायू सोडते. हाच वायू पिकणारे फळ स्वतःही सोडते, म्हणून आंब्याच्या अढीत एक आंबा पिकू लागला की शेजारचेही पिकतात. देठाजवळचा तो नाजूक थर सुटण्याची सूचनाही इथिलीनच देते. म्हणजे न्यू हॅम्पशायरमध्ये जे काम लहान होणारे दिवस आणि गार रात्री करतात, ते आपल्या शिवारात पंपाने केले जाते. पुढे छाटलेल्या काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. थंडीने जी झोप मोडायची, ती इथे पेस्टने मोडतात. हे रसायन विषारी आहे. घरी सुट्टीत पेस्टिंगला मदत करणाऱ्यांनी हातमोजे विसरू नयेत.

मला वाटते, ऑक्टोबरात पानगळ पाहायला निघणाऱ्या माणसाने पहिला थांबा इथेच घ्यावा. थंडीचे काम माणसाने कसे उचलले आहे, हे इतके स्पष्ट दुसरीकडे दिसणार नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांची फी याच पानगळीतून भरली जाते, हेही विसरून चालणार नाही.

३) आपली लाइन

सहलीचा दुसरा टप्पा कवठे महांकाळ ते मिरज. आज ब्रॉडगेजवरून आपण सहज जातो. पण ही लाइन मुळात बार्शी लाइट रेल्वेची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली. रुळांमधले अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १८९७ साली बार्शीकडचा पहिला भाग सुरू झाला, १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोहोचली आणि १९२७ साली मिरजेला. पुढे १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. कॅलथ्रॉपचा विचार मेकॅनिकलवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याने प्रत्येक चाकजोडीवर सारखाच भार येईल अशी रचना केली, म्हणजे हलक्या, स्वस्त रुळावरूनही जास्त माल नेता येईल. गरीब मुलखाला परवडेल अशी रेल्वे, हा त्यातला हिशेब होता.

मिरज जंक्शनवर एकेकाळी तीन मापांचे रूळ होते : बार्शी लाइनचा नॅरोगेज, लोंढ्याकडचा मीटरगेज आणि १९७१ नंतर पुणे-कोल्हापूरचा ब्रॉडगेज. प्रत्येक वेळी माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचा! 'स्टँडर्डायझेशन'वर पाच मार्कांचा प्रश्न आला तर मिरजेचे उदाहरण लिहा, सर खूश होतील.

४) मिरज ते कॅसल रॉक : पाऊस वाचत जायचे

मिरजेहून वास्कोकडे जाणारी गोवा एक्सप्रेस पकडायची. (वेळा बदलतात, त्या निघण्याआधी रेल्वेकडूनच पाहून घ्याव्यात.) मिरज ते लोंढा हे अंतर सुमारे १९० किलोमीटर आहे आणि या टप्प्यात बहुतेक लोक झोपतात. आपण झोपायचे नाही.

का? तर कवठे महांकाळला वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कॅसल रॉकला पाच हजारांच्या आसपास. दहापट फरक, आणि तोही एका दिवसाच्या प्रवासात! अरबी समुद्राचे ढग सह्याद्रीवर आदळून तिथेच बरेचसे रिकामे होतात. उरलेसुरले आपल्याकडे येतात. आपण पर्जन्यछायेतून उगमाकडे चाललो आहोत. खिडकीबाहेरची झाडे म्हणजे जणू पर्जन्यमापकच.

कुडचीजवळ कृष्णा ओलांडली की ऊस दिसतो, तो नदीचा आणि कालव्याचा. रायबाग, घटप्रभा, गोकाक रोड या भागात पुन्हा उघडे माळ, बाभूळ, लिंब. गोकाकच्या बाजूला काळा कातळ संपून वालुकाश्म लागतो. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. तिथून पुढे माती लाल होते, शेत भाताचे होते आणि डब्यातले बोलणे मराठी, कानडी, कोकणी असे मिसळत जाते. खानापूरला मलप्रभा, आजूबाजूला कौलांची घरे. त्यानंतर लोंढ्यापर्यंत साग, ऐन, पळस, काटेसावर यांचे रान येते.

ही पानझडी झाडे. इथे मोठा फरक लक्षात घ्यायचा : मॅपल थंडीला घाबरून पान टाकतो, आपला साग तहानेला घाबरून. पानातून पाणी सतत हवेत जाते. पावसाळा संपून जमीन कोरडी पडू लागली की एवढी पाने बाळगणे परवडत नाही. म्हणून आपल्याकडची पानगळ ऑक्टोबरात नाही, ती साधारण जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत चालते. ऑक्टोबरात या रानात लाल-पिवळे शोधाल तर निराश व्हाल. तेव्हा डोंगर हिरवाच असतो, फक्त गवत सोनेरी होऊ लागलेले असते.

मग आपल्याकडे रंगाचा मोसम कोणता? फेब्रुवारी-मार्च! निष्पर्ण पळस आणि काटेसावर फुलांनी पेटलेले असतात. आणि खरी गंमत कुसुम झाडाची. त्याची नवी पालवी लालभडक येते. लांबून पाहणाऱ्याला वाटेल झाड फुलले आहे, जवळ जावे तर सगळी पाने. पिंपळाची तांबूस पालवी, आंब्याची तपकिरी-तांबडी पालवी आपण गावातही पाहतो. थंड देशात पान मरताना लाल होते आणि आपल्याकडे पुष्कळ झाडांत ते जन्मताना लाल असते. कोवळे पान अजून पुरते हिरवे झालेले नसते, त्याला उन्हापासून आणि किड्यांपासून जपण्यासाठी हा रंग उपयोगी पडत असावा असे मानले जाते. रंगद्रव्य तेच, वेळ उलटी.

५) सदतीसास एक

कॅसल रॉकला गाडी जरा जास्त वेळ थांबते. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होता, तेव्हा हे भारताच्या हद्दीतले शेवटचे स्टेशन आणि घाट उतरून आलेले कुळे हे त्यांचे. ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्या १८७८च्या करारानंतर मार्मागोवा बंदरापर्यंतची ही लाइन आखली गेली आणि १८८८ मध्ये घाटातून पूर्ण झाली. ब्रागांझा घाट हे तिचे नाव. मूळचा मीटरगेज १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झाला.

कॅसल रॉक ते कुळे साधारण २६ किलोमीटर, आणि तेवढ्यात गाडी साधारण पाचशे मीटर खाली उतरते. कमाल चढ सदतीसास एक, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. बोरघाटातही हाच आकडा आहे. मोटरसायलवाल्याला हा चढ जाणवणारही नाही. मग रेल्वेला त्याचे एवढे काय? पेन घ्या.

समजा गाडी १००० टनांची आहे. सपाट रुळावर लोखंडी चाकांचा विरोध टनाला दोन-तीन किलो, म्हणजे एकूण तीन टन धरा. सदतीसास एकच्या चढावर गुरुत्वाकर्षण तिला मागे ओढते १००० भागिले ३७, म्हणजे २७ टनांच्या जोराने. एकूण झाले ३० टन. आता साधारण १२० टनांचे इंजिन घ्या. कोरड्या रुळावर घर्षणांक ०.२५ धरला तर त्याची जास्तीत जास्त ओढ १२० गुणिले ०.२५, म्हणजे ३० टन. जेमतेम बरोबरी! पाऊस पडून घर्षणांक ०.१५ वर आला, की ओढ उरते १८ टन. इंजिनात ताकद कितीही असो, चाके जागच्या जागी फिरतील. म्हणून घाट चढणाऱ्या गाडीला जादा इंजिने लावतात, त्यांना बँकर म्हणतात. म्हणूनच इंजिनात चाकांसमोर वाळू सोडण्याची सोयही असते.

आणि इथे पानगळ पुन्हा भेटते. रुळावर पडलेली पाने चाकांखाली चिरडून त्यांचा गुळगुळीत थर बसतो. ब्रिटनमध्ये शरद ऋतूत यामुळे गाड्या घसरतात, थांबायला जास्त अंतर घेतात. म्हणून तिथे काही मार्गांवर पानगळीचे वेगळे वेळापत्रक लावतात आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने रूळ धुणाऱ्या खास गाड्या चालवतात. पान किती हलके असते, पण हजार टनांच्या गाडीला विचार करायला लावते.

उतरतानाचा हिशेब उलटा. १००० टन गाडी ५०० मीटर खाली आणली तर जवळजवळ १३६० युनिट ऊर्जा सुटते. आपल्या होस्टेलचा २ किलोवॅटचा गीझर सलग २८ दिवस चालेल एवढी! ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवायची, आणि ब्रेक तापवून निकामी होऊ न देता. म्हणून वेग कमी, ब्रेकची तपासणी कडक, मोटारींनाच जनित्र बनवून वेग आवरण्याची सोय आणि घाटमार्गांवर सुटलेली गाडी चढावर वळवून थांबवणारी कॅच सायडिंग. गाडी घाटात रेंगाळते म्हणून वैतागू नका. ती वेळ खर्च करून आपला जीव वाचवत असते.

६) खिडकी सोडायची नाही

या उतारावर करंझोळ आणि सोनावळी या स्टेशनांच्या मधे दूधसागर येतो. सुमारे ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने उतरणारा धबधबा, आणि त्याच्या पोटावरून जाणारा रेल्वेचा पूल. ऑक्टोबरात पाणी भरपूर असते. आजूबाजूला सदाहरित आणि निमसदाहरित रान. इथे पाणी एवढे आहे की पुष्कळ झाडे सगळी पाने एकदम टाकतच नाहीत. हळूहळू जुनी टाकतात, नवी घेतात. द्राक्षबागेतल्या पिवळ्या पानांपासून निघालेली आपली सहल इथे पूर्ण होते : थंडीची पानगळ नाही तिथे माणसाने आणलेली, मग तहानेची, आणि शेवटी पानगळ जाणवतच नाही असे रान.

पण मित्रांनो, याच जागी सगळ्यात मोठी चूकही होते. रील काढायला पोरे रुळावर उतरतात, बोगद्यातून चालत जातात. जुलै २०२३ मध्ये एका रविवारी इथे एवढी गर्दी लोटली की गर्दीला अडवावे लागले, आणि रुळावरून चाललेल्या काही जणांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ देशभर फिरले. धबधबा डब्यात बसूनच पाहा, असे आवाहन दक्षिण पश्चिम रेल्वेने तेव्हा केले. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

दंड सोडा, वरचे गणित आठवा. हजार टनांची गाडी उतारावर आहे, रूळ ओला आहे, बोगद्यात वळण आहे. चालकाने तुम्हाला पाहिले तरी तो काय करणार? घर्षणांक त्याच्या हातात नाही. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने तरी तिथे उतरू नये, कारण आपल्याला आकडे ठाऊक आहेत. धबधब्याखाली जायचेच असेल तर कुळ्याहून, वनखात्याचा मार्ग सुरू असेल त्या दिवसांत, परवानगीच्या जीपने जावे.

७) दुसरा रूळ टाकायचा का?

आता जो विषय येतो तो सहलीपेक्षा मोठा आहे, आणि उद्या तो आपल्यापैकीच कुणाच्या तरी टेबलावर असणार आहे.

हा घाट एकेरी लाइनचा आहे. गाड्यांना एकमेकींसाठी थांबावे लागते, बंदरातून कोळसा वर न्यायचा असतो. म्हणून कॅसल रॉक ते कुळे दुहेरीकरणाचा प्रस्ताव आला. पण लाइन जाते भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून, ज्यांचे मिळून क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर आहे. कर्नाटकाच्या बाजूला काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान आहे. २०२० पासून गोव्यात याविरुद्ध मोठे आंदोलन झाले, त्यात विद्यार्थीही होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने पाहणी करून परवानगी मागे घ्यावी असे सुचवले. ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. मात्र, जैवविविधतेवर होणाऱ्या परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव मांडण्याची वाट न्यायालयाने बंद केली नाही.

यात 'रेल्वे वाईट, जंगल चांगले' असे सोपे उत्तर नाही. रेल्वे नसती तर हे रान आपल्याला एवढ्या कमी खर्चात, एवढा कमी धक्का लावून दिसलेच नसते. प्रश्न हिशेबाचा आहे. चढ सदतीसास एकच राहणार असेल, बँकर लागणारच असतील, तर दुसऱ्या रुळाने क्षमता नक्की किती वाढेल? तेवढ्यासाठी किती झाडे, किती ओढे, प्राण्यांच्या किती वाटा तुटतील? आधी हे मोजायचे, मग मागणी करायची. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून आपण घ्यायचा धडा हाच : अभ्यास अपुरा असेल तर मंजुरी टिकत नाही.

८) सहलीचा आराखडा

मार्गदर्शकासह सहल ही कल्पना रेल्वेइतकीच जुनी म्हणायला हरकत नाही. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये थॉमस कुकने लेस्टर ते लफबरो सुमारे पाचशे माणसे एका शिलिंगात खास गाडीने नेली, तीही दारूबंदीच्या सभेला! त्याने फक्त तिकिटे काढली नाहीत, सोबत जाऊन सगळी व्यवस्था सांभाळली. आपल्या सहलीलाही असा सांभाळणारा हवा. माझी सूचना अशी :

• सोबत दोन जाणकार असावेत : एक झाडे ओळखणारे (जवळच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे सर किंवा मॅडम) आणि एक घाटात काम केलेले निवृत्त रेल्वे कर्मचारी. आपल्या भागात मिरजेमुळे रेल्वेतली माणसे पुष्कळ आहेत, विचारले तर आनंदाने येतील.

• मुलींच्या होस्टेलसाठी मॅडम सोबत असल्याच पाहिजेत. प्रत्येक बदलाच्या स्टेशनवर हजेरी. दारात उभे राहायचे नाही, पायरीवर बसायचे नाही. ज्याला हे जमणार नाही त्याने नाव देऊ नये.

• प्रत्येकाने एक वही ठेवायची आणि तिच्यात पाच रकाने : स्टेशन, वेळ, उंची (मोबाइलवर दिसते), मातीचा रंग, दिसलेली झाडे आणि पानांची अवस्था. झाडाचे नाव माहीत नसेल तर 'हिरवे', 'पिवळे', 'निष्पर्ण', 'लाल पालवी' एवढे लिहिले तरी चालेल.

• सहल एकदा नाही, दोनदा करायची. ऑक्टोबरात एकदा आणि मार्चमध्ये एकदा, त्याच गाडीने, त्याच बाजूच्या खिडकीला बसून. दोन वह्या शेजारी ठेवल्या की आपल्या डोंगराचे वर्ष दिसेल. दरवर्षी पुढच्या बॅचने हेच केले, तर दहा वर्षांनी ग्रंथालयात एक अशी नोंद तयार होईल की पालवी लवकर येते आहे का, पाऊस लांबला तर पानगळ सरकते का, हे आपल्याच आकड्यांवरून सांगता येईल. अशा नोंदींनाच जगभर किंमत आहे. जपानमध्ये चेरीच्या बहराच्या तारखा शेकडो वर्षांपासून लिहून ठेवलेल्या सापडतात आणि हवामानाचा अभ्यास करणारे आज त्या वापरतात.

• प्लॅस्टिक खिडकीबाहेर टाकायचे नाही. अभयारण्यात वानरांना वडापाव द्यायचा नाही. त्यांची मेस वेगळी आहे.

समारोप

झाड पान टाकते तेव्हा ते काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवत असते. बागायतदार फवारणी करतो, तोही हेच ठरवतो. घाटात गाडी हळू उतरते, तिथेही कुणीतरी वेळ द्यायची आणि जीव राखायचा असा निर्णय घेतलेला असतो. दुसरा रूळ टाकायचा की नाही, हा प्रश्नही त्याच जातीचा. आपल्याला चार वर्षे जे शिकवले जाते ते शेवटी हेच ना : काय खर्चायचे आणि काय राखायचे?

मॅपलचे डोंगर पाहायला ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावे. पण आधी मिरजेला गाडी बदलून कुळ्यापर्यंत जाऊन या. मार्चच्या सहलीसाठी नावे ग्रंथालयातील नोटीस बोर्डाजवळच्या वहीत लिहावीत. खिडकीची जागा कुणाला, यावरून भांडण होणार हे उघड आहे. त्यासाठी चिठ्ठ्या टाकू!